चाळिशीची वेस : संगणकाच्या धंद्यातील वयभेदाचा इतिहास



या व्याख्यानमालेत आपण बखरी ऐकल्या, संस्थानांचे कारभार ऐकले, संतवाङ्मय ऐकले. त्या मानाने आजचा विषय अगदी ताजा वाटेल. संगणकाच्या धंद्यात पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसाला नवी नोकरी मिळत नाही आणि असलेली टिकत नाही, ही गोष्ट आता घरोघरी ऐकू येते. ऐकणारा म्हणतो, "तो धंदाच तरुणांचा, त्याला काय करणार?" माझे म्हणणे असे, की तो धंदा जन्मतः तरुणांचा नव्हता. त्याला तरुणांचा ठरवण्यात आले, आणि ते केव्हा, कोणत्या हिशेबाने झाले हे सालवार सांगता येते. जे सालवार सांगता येते तो निसर्गनियम नसतो, इतिहास असतो. म्हणून हा विषय या व्यासपीठावर आणला.

आपली घराणी महाराष्ट्राबाहेर स्थिरावली ती बहुतांशी चाकरीच्या निमित्ताने. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, कुठेही पाहा. कोणी फडावर, कोणी खजिन्यात, कोणी शिक्षणखात्यात. त्या चाकरीत वय हे भांडवल होते. जुना कारकून म्हणजे दप्तराची चालती सूची. पुढे सरकारी नोकरी आली तेव्हा तिच्यातही ज्येष्ठतेप्रमाणे बढती आणि शेवटी पेन्शन हा क्रम राहिला. केंद्र सरकारने निवृत्तीचे वय १९६२ मध्ये पंचावन्नाचे अठ्ठावन्न केले आणि १९९८ मध्ये साठ. सरकारी नोकरी लांबत चालली होती, त्याच काळात आपली मुले अशा धंद्यात शिरत होती जिथे वय वाढले की किंमत उतरते. या दोन हिशेबांची गाठ कशी पडली, ते पाहायचे आहे.

आधी एक जुनी गोष्ट. वयाची अट दिसायला निःपक्षपाती असते, पण तिने कोण बाहेर राहते हे पाहावे लागते. १८६९ साली लंडनमध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत चार हिंदी उमेदवार उत्तीर्ण झाले. त्यांतले दोघे, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर, यांची नावे वय जास्त भरते म्हणून यादीतून काढण्यात आली. घोटाळा होता मोजणीचा. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगत, विलायतेत पुरी झालेली वर्षे मोजत. दाद मागितल्यावर दोघेही पुन्हा यादीत आले. पण १८७६ मध्ये लॉर्ड सॉल्झबरी यांनी परीक्षेची कमाल वयोमर्यादा एकविसावरून एकोणीसवर आणण्याचा निर्णय केला. कागदावर ती सर्वांना सारखीच होती. मात्र परकी भाषा शिकून, समुद्र ओलांडून त्या वयात परीक्षेला बसणे हिंदी मुलाला जवळपास अशक्य होते. याच प्रश्नावर सुरेंद्रनाथांनी १८७७ मध्ये देशभर दौरा काढला. 'वय' हा शब्द लिहून 'माणूस' वगळता येतो, हा धडा आपल्या देशाने तेव्हाच घेतला होता.

आता अमेरिकेकडे वळू, कारण संगणकाच्या धंद्याची रीत तिथे पडली. २२ फेब्रुवारी १९०५ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रख्यात वैद्यकाचार्य विल्यम ऑस्लर यांनी निरोपाचे भाषण केले. जगातले खरे काम पंचवीस ते चाळीस या वयात होते, चाळिशीपुढची माणसे त्या मानाने निरुपयोगी आणि साठीपुढची तर पूर्णच, असा त्या भाषणाचा आशय होता. ॲन्थनी ट्रोलोपच्या एका कादंबरीचा हवाला देत त्यांनी क्लोरोफॉर्मचा विनोदही केला. वर्तमानपत्रांनी विनोद खरा धरून गहजब केला. स्वतः ऑस्लर तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि ऑक्सफर्डला नव्या पदावर निघाले होते! विनोद विरला, पण चाळिशीचा आकडा राहिला. कारखान्यांत यंत्राचा वेग वाढत होता आणि वेगाला तरुण हात हवे होते.

साठ वर्षांनी हा आकडा कायद्यात आला, पण उलट्या बाजूने. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ या आधारांवर नोकरीत भेद करण्यास बंदी झाली. वयाचा प्रश्न बाजूला ठेवून मजूरमंत्र्यांना त्याचा अभ्यास करण्यास सांगितले. मंत्री विलर्ड वर्ट्झ यांचा अहवाल जून १९६५ मध्ये आला. खाजगी क्षेत्रातल्या जवळपास निम्म्या रिकाम्या जागा पंचावन्नपुढच्या अर्जदारांना बंद होत्या आणि पावभाग जागा पंचेचाळीसपुढच्यांना. अहवालाने एक महत्त्वाचा भेद दाखवला. वंशभेदाच्या मुळाशी द्वेष असतो; वयभेदाच्या मुळाशी बहुधा द्वेष नसतो, तपासून न पाहिलेला समज असतो. वृद्धांचा कोणी राग करत नाही. त्यांना जमणार नाही, एवढेच गृहीत धरले जाते.

१५ डिसेंबर १९६७ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी वयभेदविरोधी कायद्यावर सही केली. संरक्षण चाळीस ते पासष्ट या वयाला मिळाले. १९७८ मध्ये वरची मर्यादा सत्तर झाली आणि १९८६ मध्ये ती काढूनच टाकली. ऑस्लरने चाळीस हा माणसाच्या ऱ्हासाचा आरंभ मानला होता. कायद्याने तोच आकडा संरक्षणाचा आरंभ केला.

याच काळात संगणकाचा धंदा आकार घेत होता. तो तरुणांचा नव्हता याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ग्रेस हॉपर यांचे आयुष्य. जन्म १९०६, येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट १९३४ ची. दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलात जायला निघाल्या तेव्हा वय जास्त आणि वजन कमी, म्हणून आधी नकार मिळाला. खास सवलत घेऊन त्या १९४३ मध्ये दाखल झाल्या आणि हार्वर्डच्या मार्क-१ या यंत्रावर काम करू लागल्या. युद्धानंतर कायम सेवेत घ्या म्हणाल्या तर पुन्हा वय आडवे आले. त्यांचे सर्वांत मोठे काम झाले ते यापुढे. यंत्राच्या आज्ञा तयार करणारा कंपायलर त्यांनी १९५२ च्या सुमारास, म्हणजे पंचेचाळिशीत उभा केला. १९५९ मध्ये आकाराला आलेल्या कोबोल या भाषेचा पाया त्यांच्या कामात आहे. साठाव्या वर्षी, १९६६ अखेर, नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलावले, कारण कोबोलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत एकवाक्यता आणायला दुसरे कोणी मिळेना. ते सहा महिने लांबत गेले. शेवटची निवृत्ती १९८६ मध्ये झाली, एकोणऐंशीव्या वर्षी. त्यानंतरही १९९२ मध्ये निधन होईपर्यंत त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार होत्या.

त्या काळात कंपन्यांची रीतही वेगळी होती. आय.बी.एम.ने १९५५ पासून प्रोग्रॅमर निवडायला बुद्धिमापनाची चाचणी वापरली. प्रोग्रॅमर कुठे तयार मिळतच नव्हते. गणितज्ञ, शिक्षक, कारकून, जो चाचणी पार करील त्याला कंपनी स्वतः शिकवी. एकदा घेतलेला माणूस सहसा काढायचा नाही हा त्या कंपनीचा लौकिक होता. तिथला गडद सूट घातलेला नोकर आणि आपल्या दरबाराचा पगडीवाला मानकरी यांत या बाबतीत फारसे अंतर नव्हते. हा करार १९९३ च्या सुमारास मोडला. मोठ्या यंत्रांचा बाजार घसरला, कंपनी तोट्यात गेली आणि हजारोंच्या संख्येने माणसे कमी झाली. यातून साऱ्या धंद्याने एक गोष्ट उचलली : माणसाला शिकवून वाढवण्यापेक्षा हवे ते कौशल्य हवे तेव्हा बाजारातून आणावे. वयभेदाचे मूळ या बदलात आहे. शिकवणे हे मालकाचे काम राहिले नाही, तेव्हा न शिकलेला तो जुना ठरला.

इथे आपण या कथेत येतो, आणि हा भाग सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-१बी या परवान्याखाली वर्षाला ६५,००० परदेशी कुशल कामगार घेण्याची सोय केली. शतक संपत आले तसा सालाच्या आकड्यांचा प्रश्न उभा राहिला. जुन्या प्रोग्रॅमांत सालाचे शेवटचे दोनच अंक लिहिले होते, त्यामुळे २००० साल १९०० वाचले जाण्याची धास्ती होती. त्यातले बरेच प्रोग्रॅम कोबोलमध्ये होते. निवृत्त प्रोग्रॅमरांना परत बोलावले गेले आणि त्याच कामावर भारतीय कंपन्यांचा जम बसला. परवान्यांची मर्यादा १९९८ मध्ये १,१५,००० झाली आणि २००० मध्ये, २००१ पासून तीन वर्षांसाठी, १,९५,०००. उद्योगाचे म्हणणे होते, माणसेच मिळत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक नॉर्मन मॅटलॉफ यांनी १९९८ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे उलट बाजू मांडली. माणसे आहेत, पण ती चाळिशीची आहेत, त्यांचा पगार जास्त आहे, आणि नवी भाषा चार आठवड्यांत शिकण्याची त्यांची तयारी असूनही त्यांचे अर्ज आधीच गाळले जातात, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

त्या वर्षांत पुणे, हैदराबाद, बडोदे, इंदूर इथून निघालेली आपली मुले पंचवीस-सव्वीस वर्षांची होती. ती हुशार होती, कष्टाळू होती, त्यांनी कोणाचे काही चोरले नाही. पण त्यांना मिळालेल्या पसंतीत त्यांच्या वयाचाही वाटा होता. तरुण म्हणजे स्वस्त, तरुण म्हणजे संसाराचा पाश नसलेला, तरुण म्हणजे रात्री थांबणारा. परवान्यामुळे मालक बदलणे अवघड, ही त्यात भर. तिथला पन्नाशीचा प्रोग्रॅमर बाहेर पडला आणि आपला मुलगा आत गेला, तेव्हा आपण पेढे वाटले. पेढे वाटण्यात गैर काही नव्हते. पण ज्या नियमाने आपण आत गेलो तोच नियम पंचवीस वर्षांनी आपल्याला लागू होणार, हे त्या वेळी कोणी सांगितले नाही.

पुढची पंचवीस वर्षे हाच नियम उघड होत गेल्याची आहेत. २००७ मध्ये स्टॅनफर्ड इथल्या मेळाव्यात बावीस वर्षांच्या मार्क झुकरबर्ग यांनी तरुण माणसेच अधिक हुशार असतात अशा अर्थाचे विधान केले. धंद्यात तो समज इतका मुरलेला होता की बोलणाऱ्याला त्यात धोका दिसला नाही.

न्यायालयांत मात्र हा समज तपासला जाऊ लागला. ब्रायन रीड हे नामांकित संगणकशास्त्रज्ञ. कागदपत्रे सजवण्याची 'स्क्राइब' ही प्रणाली त्यांनी लिहिली होती. २००२ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, ते गूगलमध्ये संचालक म्हणून लागले आणि २००४ मध्ये त्यांना काढण्यात आले. आपल्या कल्पना जुनाट ठरवल्या जात, सहकारी वयावरून टोमणे मारत, अशी त्यांची तक्रार होती. कंपनीने आरोप नाकारले. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र असे टोमणे 'सहज बोलणे' म्हणून पुराव्यातून वगळता येणार नाहीत, ते इतर पुराव्यासह पाहिले पाहिजेत, असा निर्णय देऊन दाव्याचा मार्ग मोकळा केला. २०१९ मध्ये त्याच कंपनीने चाळिशीवरच्या २२७ अर्जदारांच्या दाव्यात, दोष कबूल न करता, एक कोटी दहा लाख डॉलरवर तडजोड केली.

आय.बी.एम.ची गोष्ट अधिक बोलकी आहे. 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारितेच्या संस्थेने मार्च २०१८ मध्ये अंदाज प्रसिद्ध केला की त्याआधीच्या पाच वर्षांत कंपनीने अमेरिकेत चाळिशीवरच्या सुमारे २०,००० नोकरांना कमी केले. सरकारी समान संधी आयोगाने २०२० मध्ये आपला निष्कर्ष कळवला : २०१३ ते २०१८ या काळात जुन्या नोकरांची संख्या घटवून तरुणांना जागा करण्याचा आग्रह वरून येत होता, आणि कपातीसाठी विचारात घेतलेल्यांत ८५ टक्क्यांहून अधिक माणसे वयस्क होती. कंपनीने पद्धतशीर भेदभाव केल्याचे नाकारले. पण २०२२ मध्ये एका दाव्यात उघड झालेल्या अंतर्गत पत्रव्यवहारात वरिष्ठांनी जुन्या नोकरांसाठी डायनोसॉरवरून बनवलेला एक शब्द वापरलेला दिसला. ज्या कंपनीने शाळामास्तरांना प्रोग्रॅमर केले होते, तिच्याच दप्तरातला हा शब्द.

मग कायदा असून असे का? कारण तीन ठिकाणी कायद्याला भोके पडली. पहिले, २००९ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वय हे अनेक कारणांतले एक कारण होते एवढे दाखवून चालत नाही. वय आड आले नसते तर तो निर्णय झालाच नसता, हे दावेदाराने सिद्ध करावे. दुसरे, २०१९ मध्ये शिकागोच्या संघीय अपील न्यायालयाने असे धरले की वरकरणी निःपक्षपाती अटीचा वयस्कांवर विपरीत परिणाम होतो, एवढ्यावरून दाद मागण्याची सोय नोकरीत असलेल्यांना आहे, अर्जदारांना नाही. त्या खटल्यातली जाहिरात सात वर्षांहून अधिक अनुभव नको असे सांगणारी होती आणि अर्जदार अठ्ठावन्न वर्षांचा वकील होता. म्हणजे दाराच्या आत थोडा आसरा, दारावर नाही. तिसरे भोक कायद्याचे नाही, व्यवहाराचे आहे. काढलेल्या माणसाला निदान आपल्याबरोबर कोण कोण गेले हे दिसते. न बोलावलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. उत्तर न आलेल्या अर्जावरून खटला कसा उभा राहणार?

या धंद्याच्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. तंत्र झपाट्याने बदलते, हे खरे. काही माणसे शिकायचे थांबवतात, हेही खरे. पण ते पंचविशीतही थांबवतात आणि साठीतही. प्रश्न माणूस पाहून उत्तर शोधण्याचा आहे, जन्मसाल पाहून नव्हे. आकड्यांचा आधारही त्या समजाला मिळत नाही. अमेरिकेतल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचा पिअर अझुले आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारांत एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय पंचेचाळीस निघाले. आणि एप्रिल २०२० मध्ये, महामारीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला तेव्हा, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जाहीरपणे कोबोल जाणणाऱ्यांना हाक मारावी लागली. जुने यंत्र चालूच होते. ते जाणणारी माणसे तेवढी दूर केलेली होती.

शेवटी आपल्या देशाविषयी. आपल्या राज्यघटनेचे पंधरावे आणि सोळावे कलम धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई करते. त्या यादीत वय नाही. खाजगी नोकरीत वयावरून डावलणे रोखणारा १९६७ च्या अमेरिकी कायद्यासारखा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे झालेला नाही. जाहिरातीत 'वय तिशीच्या आत' असे सरळ छापता येते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'शेवटी आलेला आधी जाईल' हे तत्त्व होते, म्हणजे कपातीत जुन्याला संरक्षण. पण ते कायद्याच्या व्याख्येतल्या कामगारासाठी. व्यवस्थापक म्हणवल्या गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि या धंद्यात पाच-सात वर्षांत कोणाच्याही नावापुढे 'मॅनेजर' लागते. आपल्या कंपन्यांचा हिशेबही त्याच दिशेचा. ग्राहकाकडून माणशी दर घ्यायचा, तर खाली फ्रेशर भरपूर आणि वर अनुभवी थोडे, असा पिरॅमिड राखावा लागतो. पिरॅमिडचे टोक निमुळतेच असते. दरवर्षी कॅम्पसमधून हजारोंनी मुले खाली आली की मधल्यांपैकी बऱ्याच जणांना बाहेर पडावेच लागते. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्टपणा नाही. हिशेबाची मांडणीच तशी आहे. आणि मांडणी माणसांनी केलेली असते, म्हणून माणसांना ती बदलता येते.

काय बदलता येईल? जाहिरातीत वय आणि पदवीचे साल विचारण्यास बंदी करता येईल. कपात करताना कोणत्या वयाची किती माणसे गेली हे जाहीर करण्याची सक्ती करता येईल. अमेरिकेत १९९० पासून, गट-कपातीत दावा न करण्याची सही हवी असेल तर मालकाला अशी यादी द्यावी लागते. कामावरच्या माणसाला नवे तंत्र शिकवण्याचा खर्च मालकाचा, हे जुने तत्त्व पुन्हा मागता येईल. आणि आपल्या घरांत एक गोष्ट आजच करता येईल. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेलेल्या मुलाला "तू नवे काही शिकला नाहीस" असे म्हणण्यापूर्वी ही सालावळ आठवावी. त्याच्या हातून चूक झालीही असेल. पण चाळिशीची वेस त्याने बांधलेली नाही, आणि ती ओलांडून तो आत गेला तेव्हा आपणही आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांचे देणे आता त्याच्या बाजूने बोलून फेडायचे आहे.